ज्वारीच्या मुलखात वजन का वाढतंय, आणि कुणी ताटावरून का उठतंय?

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये युनिसेफचा एक अहवाल आला आणि दोन दिवस बातम्यांत राहिला. ५ ते १९ वयाच्या मुलांमध्ये जगभरात लठ्ठ मुलांचं प्रमाण (९.४ टक्के) पहिल्यांदाच कमी वजनाच्या मुलांपेक्षा (९.२ टक्के) जास्त झालं, असं त्यात म्हटलं होतं. दक्षिण आशिया आणि सहाराच्या दक्षिणेकडची आफ्रिका, एवढेच भाग त्याला अपवाद. बातमी वाचून सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या माझ्या मामांनी फोन केला. "म्हणजे आपल्याकडं अजून बरं हाय म्हणायचं की वाईट?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. मामांच्याच घरात बघा. थोरल्या सुनेला पस्तिशीत साखर निघाली. धाकट्या नातवाचं वजन अंगणवाडीत कमी भरतं, आणि तरी त्याच्या हातात कायम पाच रुपयांचं पाकीट असतं. सोलापूरला कॉलेजला एसटीनं ये-जा करणारी नात गेल्या वर्षापासून रात्री "भूक नाही" म्हणून ताटावरून उठते. बाहेरून पाहिलं तर ही तीन वेगळी दुखणी आहेत. मला मात्र ती एकाच वेलीची वाटतात. ती वेल मुळापासून दाखवायचा हा प्रयत्न.

जाड आणि रोड, एकाच गावात

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २३.४ टक्के जास्त वजनाच्या निघाल्या आणि २०.८ टक्के गरजेपेक्षा रोड. पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानानं खुंटलेली होती. म्हणजे कुपोषण गेलं आणि मग लठ्ठपणा आला, असं घडलेलं नाही. पहिला पाहुणा उठायच्या आत दुसरा पंगतीला बसला.

वजन जास्त की कमी हे ठरवायला डॉक्टर बीएमआय वापरतात. किलोतलं वजन घ्यायचं आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. १६० सेंटीमीटर उंचीच्या, ६४ किलोच्या बाईचा बीएमआय २५ येतो. वरच्या सर्वेक्षणात २५ पासून पुढं 'जास्त वजन' धरलं आहे. आपल्या देशातले डॉक्टर मात्र २३ लाच सावध करतात आणि २५ ला लठ्ठपणा म्हणतात. आपल्यासाठी रेघ खाली का ओढली, ते समजायला पेवात उतरावं लागेल.

शरीरातलं पेव

जुन्या वाड्यांत पेव असायचं. जमिनीत खोल खणलेलं, तोंड लिंपून बंद केलेलं. सुगीला त्यात ज्वारी भरायची आणि साल वाईट निघालं की उघडायचं. अंगातली चरबी म्हणजे असंच पेव. खाल्लेलं खर्चून उरलं की त्यात जातं, कमी पडलं की त्यातून निघतं. दुष्काळी मुलखातलं शरीर साठवण करणारं असणं हा दोष नाही. ती पिढ्यान्‌पिढ्यांची खबरदारी आहे. आता अडचण अशी झाली आहे की रोजच सुगी आहे आणि पेव उघडायची वेळच येत नाही.

आपलं पेव जरा वेगळंही आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी-शेजारी काढलेला फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३, आणि दोघंही सडपातळ दिसतात. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकाच रांगेत उभं करतो, आतला हिशेब वेगळा निघतो.

याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास करत आले आहेत. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं लहान होती, पण त्यांची काटकसर सगळ्या बाजूंनी सारखी नव्हती. स्नायू आणि आतले अवयव कमी भरले होते, चरबी मात्र बऱ्यापैकी राखलेली होती. जणू आईच्या पोटातच बाळाला निरोप पोचतो की बाहेर दुष्काळ आहे, तेव्हा आधी पेव बांध.

हे वाचलं तेव्हा मला मामांच्या चुलीपुढची उतरंड आठवली. आधी बापे जेवायचे, मग पोरं, मग सासू आणि सगळ्यात शेवटी सून. कालवण संपलेलं असायचं. ती शेंगाची चटणी आणि पाण्याबरोबर भाकरी गिळायची. तिच्या पोटातल्या बाळाला निरोप मिळत होता तो हा. पुढं त्याच बाळाच्या हातात पाकिटं पडली.

रुपयातले दहा पैसे

गावच्या खाण्यात नेमकं काय बदललं? केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरखर्च सर्वेक्षणात ग्रामीण भागातलं माणूस महिन्याच्या एकूण खर्चातला ९.८४ टक्के भाग शीतपेयं, चहा आणि तयार खाण्यावर घालवतं असं दिसलं. धान्यावर घालवतं ५ टक्क्यांच्या आसपास. रेशनचं फुकट धान्य या हिशेबात धरलेलं नाही, हे खरं. तरीही खेड्यातल्या घराचा रुपया ज्वारी-गव्हापेक्षा पाकीट, फरसाण आणि बाटलीवर जास्त मोडतो, हे काही वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर मामांनी मला वेड्यात काढलं असतं.

यात केवळ जिभेचा दोष नाही. उजनी धरणाचं पाणी पोचलं तिथं ऊस आला आणि ज्वारीचं रान कमी झालं. रेशनवर प्रामुख्यानं गहू-तांदूळ मिळतो, ज्वारी बहुतेकदा विकत घ्यावी लागते. घरातली बाई दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, संध्याकाळी परत येऊन पीठ मळून दहा भाकऱ्या थापायला तिच्या अंगात त्राण उरत नाही. पोराच्या हातावर पाच रुपये ठेवले की त्याची अर्ध्या तासाची कटकट मिटते. ज्यानं ते नाणं ठेवलं त्याला बोल लावायला माझी जीभ उचलत नाही.

"वडापाव तर आधीपासून होता की!"

हा आक्षेप हमखास येतो, आणि तो खोटा नाही. एसटी स्टँडवर भजी होती, जत्रेत जिलेबी होती, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत पोट फुटेपर्यंत खाणं होतं. बाजाराच्या दिवशी करमाळा-बार्शीकडं झणझणीत बाजार आमटी होती. पण यातलं प्रत्येक खाणं कशाला तरी बांधलेलं होतं. जत्रेला, बाजाराला, नाहीतर पाहुण्याला. आता गावच्या चौकात रोज संध्याकाळी चायनीजचा गाडा लागतो आणि किराणा दुकानाच्या दारात पाकिटांच्या माळा वर्षभर लोंबत असतात.

शिवाय भजी आणि पाकीट यांत फरक आहे. भज्यात काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं : बेसन, कांदा, तेल, मीठ. पाकिटातला माल वेगळ्या रीतीनं बनतो. धान्याचा स्टार्च, तेल, साखर, मीठ, शिवाय घरच्या फडताळात कधीच नसणारे रंग, स्वाद आणि पोत धरून ठेवणारी द्रव्यं. अशा मालाला तज्ज्ञ 'अतिप्रक्रियायुक्त अन्न' म्हणतात. मी पुढं नुसतं 'पाकिटाचं खाणं' म्हणेन.

त्यानं काय होतं, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये तपासलं. २० माणसांना संस्थेतच मुक्कामी ठेवलं. दोन आठवडे पाकिटाचं खाणं, दोन आठवडे साधं शिजवलेलं. पुढ्यात ठेवलेल्या दोन्ही खाण्यांत ऊर्जा, साखर, मीठ, चरबी आणि चोथा (फायबर) यांचा मेळ सारखा ठेवला होता, आणि हवं तेवढं खायची मुभा होती. पाकिटाच्या दिवसांत माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली, म्हणजे जवळपास दीड वडापाव. दोन आठवड्यांत त्यांचं वजन सरासरी ०.९ किलोनं वाढलं. कुणी आग्रह केला नव्हता.

शेतावरच्या टाकीचं उदाहरण घ्या. टाकी भरली हे कळून कुणी मोटार बंद करायला जाईपर्यंत पाणी ओसंडतं. पोट भरल्याचा निरोपही मेंदूला उशिरानं पोचतो, साधारण पंधरा-वीस मिनिटांनी. कडक भाकरी चावायला वेळ घेते, तेवढ्यात निरोप येऊन पोचतो. मऊ, कुरकुरीत, जिभेवर विरघळणारा माल निरोप यायच्या आत संपलेला असतो. चोथ्यातला फरकही मोठा आहे. १०० ग्रॅम ज्वारीत चोथा साधारण १० ग्रॅम असतो, मैद्यात ३ ग्रॅमच्या आसपास. बाटलीतल्या गोड पाण्याची तर गोष्टच वेगळी. कोलाच्या २५० मिलिलिटरच्या बाटलीत साखर साधारण २५ ग्रॅम असते, म्हणजे दिवसभराची सगळी मर्यादा एका बाटलीत संपते.

"आमची पोरं राबतात, सगळं जिरतं"

जिरत होतं. पाणी विहिरीवरून यायचं, मळणी बैलांनी व्हायची, शाळा तीन किलोमीटरवर पायी. आता दाराशी नळ आहे, रानात ट्रॅक्टर आहे आणि चहाच्या टपरीपर्यंतही मोटारसायकल जाते. ही सुखं आली ते चांगलंच झालं. डोक्यावर घागर वाहणाऱ्या बाईच्या मानेला विचारा. पण ताटातला घास तेवढाच राहिला किंवा वाढला, आणि अंगाचा खर्च मात्र घटला.

हे फक्त सोलापूरचं नाही. २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये २०० देशांतल्या ११ कोटींहून जास्त प्रौढांच्या मोजमापांचा अभ्यास छापून आला. १९८५ ते २०१७ या काळात जगाचा सरासरी बीएमआय जो वाढला, त्यातली निम्म्याहून जास्त वाढ खेड्यापाड्यांतून आलेली होती. लठ्ठपणा म्हणजे शहरी शेठजींचं दुखणं, ही समजूत तिथंच मोडली.

काट्यावर विसंबायचं नसेल तर एक सोपी चाचणी आहे. सुतळी घ्या, स्वतःच्या उंचीएवढी कापा, मधोमध दुमडा. ती निम्मी सुतळी बेंबीच्या पातळीवर पोटाभोवती गुंडाळा. टोकाला टोक भिडलं तर ठीक. भिडलं नाही तर पोटातलं पेव फार भरलंय, मग हातपाय काडीसारखे का असेनात. साखर आणि रक्तदाब तपासून घ्यायला तेवढं कारण पुरतं. ही चाचणी मोठ्या माणसांसाठी आहे. वाढत्या वयाच्या पोरींना सुतळ्या लावत बसू नका. का, ते पुढं येतं.

आता नातीकडं वळू

वजनाची चर्चा इथंच थांबवली तर नातीचं नुकसान होतं. तिच्या कानावर दिवसभर काय पडतं? आत्या म्हणते, "अंग धरलंस की गं!" पाहुणे बघायला यायच्या आधी आई म्हणते, "दोन महिने भात सोड." मोबाइलवर सपाट पोटांची रांग. मग ती सकाळी चहावर निघते, दुपारी मैत्रिणींना "उपास आहे" सांगते आणि संध्याकाळी स्टँडवर तीन वडापाव एका दमात खाते. घरी आली की रडते, रात्री ताटावरून उठते. घरचे म्हणतात, नखरे. किंवा म्हणतात, हावरट.

याला नाव आहे : खाण्याचा विकार. खाणं, वजन आणि शरीर यांचा विचार इतका कब्जा घेतो की जेवण ही रोजची लढाई होते. त्याचे ढोबळमानानं तीन प्रकार. पहिल्यात माणूस खाणं इतकं तोडतं की वजन धोक्याच्या खाली जातं. दुसऱ्यात भराभर खाऊन मग ओकून किंवा उपाशी राहून ते 'फेडायचं' असतं. तिसऱ्यात ताबा सुटून खाणं वारंवार होतं, पण फेडणं नसतं. तिसरा प्रकार जास्त वजनाच्या माणसांत पुष्कळ आढळतो, आणि त्यालाच आपण आळशी, खादाड म्हणून मोकळे होतो.

ताबा का सुटतो, हे सगळ्यात नीट सांगणारा प्रयोग जुना आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना जवळपास सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ते स्वखुशीनं आले होते आणि मनानं निरोगी होते. काही आठवड्यांत त्यांना अन्नाशिवाय दुसरं काही सुचेना. पाककृती गोळा करू लागले, ताट चाटू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. प्रयोग संपल्यावर काहीजण खातच सुटले आणि महिनोन्‌महिने पोट भरल्याचं समाधान त्यांना मिळेना. त्या तरुणांना कुणी हावरट म्हणणार नाही. पाटाचं पाणी तुंबवून ठेवलं की एका जागी पाट फुटतोच, मग ते पाणी कुणाच्या रानात शिरेल हे आपल्या हातात राहत नाही. नातीचे तीन वडापाव म्हणजे तो फुटलेला पाट आहे. तो दिवसभराच्या उपासानं फोडला, आणि उपास टोमण्यानं लावला.

"मग आमची एकादशी पण विकारच का?"

नाही. पंढरपूरच्या वाटेवरच्या मुलखात हे विचारलं जाणारच, आणि मला उत्तर स्पष्ट द्यायचंय. माझी आजी आयुष्यभर एकादशी करत आली. बारसला सोडायची, तेही आनंदानं, चारजणांना वाढून. व्रताला दिवस ठरलेला असतो, ते सुटतं, आणि आजारपणात मोडलं तरी मन खात नाही. विकारात उपास सुटत नाही. चतुर्थी, मग सोमवार, मग गुरुवार, मग कारण नसतानाही. देवाचं नाव पुढं असतं आणि मनात वजनकाटा. बाईच्या उपासाचं आपण कौतुक करतो, म्हणून हा आजार घराघरांत वर्षानुवर्षं दडून राहू शकतो.

"हे शहरातलं फॅड, खेड्यात कुठलं!"

फिजी बेटांवरच्या नाद्रोगा प्रांतात १९९५ मध्ये टीव्ही पोचला. तिथं अंगानं भरलेली बाई घरच्या सुबत्तेची खूण मानली जायची. ॲन बेकर या संशोधिकेनं टीव्ही आल्या-आल्या आणि तीन वर्षांनी शाळकरी मुलींना प्रश्न विचारले. १९९५ मध्ये वजनासाठी मुद्दाम ओकणारी एकही मुलगी सापडली नव्हती. १९९८ मध्ये ११.३ टक्के मुलींनी तसं सांगितलं. तिथं एक टीव्ही पुरला होता. आपल्याकडं प्रत्येक हातात पडदा आहे.

आणि हा विकार नेहमी 'मला बारीक व्हायचंय' म्हणत येतही नाही. १९९० च्या दशकात हाँगकाँगचे मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांनी खाणं तोडलेल्या ७० रुग्णांचा अभ्यास केला. निम्म्याहून जास्त जणांना जाड होण्याची भीती नव्हतीच. "पोट गच्च होतं", "भूक लागत नाही", असंच ते सांगायचे. ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडं अशा पोरीला आधी पित्ताच्या गोळ्या मिळतात, मग बाहेरची बाधा म्हणून कुठंतरी नेलं जातं.

म्हणून शब्दांपेक्षा खुणा बघाव्यात. पाळी थांबणं, केस गळणं, उभं राहताना चक्कर, उन्हाळ्यातही गार हातपाय, जेवलं की लगेच मोरीत जाऊन नळ सोडणं, गादीखाली रिकामी पाकिटं. सतत ओकल्यानं रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. यात जीव जाऊ शकतो, म्हणून दवाखान्यात जायला थांबायचं नाही.

"भाकरी खा म्हणणं सोपं आहे"

सोपं नाहीच. भाकरी थापायला हात लागतात, आणि ते हात कायम बाईचेच का, याचं उत्तर पुरुषांनी द्यायचंय. पण सोलापूरकडं एक तोड पूर्वापार आहे, तिचं मोल आपल्याला कळलेलं नाही. कडक भाकरी. पातळ थापून, कोरडी होईपर्यंत भाजलेली, तेलाचा थेंब नसलेली, आठवडेच्या आठवडे टिकणारी. सोलापुरात कितीतरी बायका ती करून विकतात. शेंगाची चटणी आणि दह्याबरोबर ती दोन मिनिटांत पुढ्यात येते. हेच आपलं झटपट खाणं. दप्तरात, एसटीत, रानात कुठंही चालतं. थंडीत मालदांडी ज्वारीचा हुरडा, एरवी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, केळं. पाच रुपयांत फार येत नाही, दहा रुपयांत मूठभर फुटाणे येतात.

शाळेजवळच्या दुकानाचं काय? अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ मुलांना विकायचे नाहीत. ग्रामसभेत हा नियम मोठ्यानं वाचून दाखवायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि जाड-बारीक, दोन्ही पोरांसाठी घरात एकच पथ्य : अंगावर बोलायचं नाही. "किती वाढलीस", "किती वाळलीस", दोन्ही बंद. एका वेळी तरी सगळ्यांनी एकत्र बसायचं, सुनेसकट. खाणं तोडलेल्या मुलीला एकदम ताट भरून बळजबरी करू नका. फार दिवस उपाशी असलेल्या शरीराला अचानक भरपूर अन्न धोक्याचं ठरतं, आधी डॉक्टर. मनाचं बोलायला टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मनोविकार विभाग आहे, 'वेड्यांचा डॉक्टर' या शब्दाला घाबरून तो टाळू नका.

हे सगळं मी मामांना तीन-चार फोनमध्ये सांगितलं. सुतळी त्यांनी स्वतःला लावली. चार बोटं कमी पडली, मग त्यांनी टपरीवर पायी जायला सुरुवात केली. नातीशी बोलायला त्यांना आठवडा लागला. "काय बोलू, मला जमत न्हाई" म्हणाले. शेवटी काही न बोलता रात्री तिच्या शेजारी आपलं ताट मांडलं आणि सुनेलाही त्याच पंगतीत बसायला लावलं. पहिल्या दिवशी ती चतकोर भाकरी खाऊन उठली. मामा उठले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात तीच म्हणाली, "आबा, तुमी येताल का दवाखान्यात?" परवा दोघं एसटीनं सिव्हिलला जाऊन आले. पुढची तारीख सोमवारची आहे.